हार्ड टेक्नोसाठी ड्रम मशीन कोणतं घ्यावं? डीजेच्या वादात अडकलेल्या सोलापुरातून एक हिशेब

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर आपल्या सोलापुरात ‘डीजेमुक्त सोलापूर’ ही मागणी जोरात पुढे आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, रोलँड या जपानी कंपनीने टीआर-१००० नावाचं नवं ड्रम मशीन जाहीर केलं. चाळीसहून जास्त वर्षांनी या कंपनीने खऱ्या अ‍ॅनालॉग सर्किटचं ड्रम मशीन बनवलं, म्हणून जगभरचे टेक्नोवाले खूश झाले. वरवर पाहिलं तर या दोन बातम्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र दोन्ही एकत्रच येऊन आदळल्या.

त्याचं कारण असं की मी सोलापूरचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि रात्री हेडफोन लावून ठेके बनवत बसणारा माणूस. त्यामुळे ओळखीतली धाकटी पोरं विचारतात, “दादा, हार्ड टेक्नो बनवायचाय, ड्रम मशीन कोणतं घेऊ?” आणि त्याच पोरांच्या घरचे विचारतात, “म्हणजे आता डीजे घरात येणार का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्यात बरेच पैसे अडकलेत आणि दुसऱ्यात घरची शांतता.

दोन्हींचं माझं उत्तर एकाच जागेवरून निघतं. हार्ड टेक्नोतला कडकपणा आवाज किती मोठा आहे यावर ठरत नाही, तो आवाज कसा घडवलाय यावर ठरतो. हे एकदा लक्षात आलं की मशीन निवडणं सोपं होतं, आणि डीजेच्या वादात आपण कुठल्या दोन गोष्टींची गल्लत करतोय तेही दिसतं.

आधी ‘डीजे’ या शब्दाचा गुंता

जगात डीजे म्हणजे गाणी निवडून, एकमेकांत मिसळून वाजवणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे गाडी! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, खाली मोठे सब-वूफर, मागे जनरेटर. कोल्हापूर-सातारकडे त्यालाच ‘डॉल्बी’ म्हणतात. लोकांचा राग आहे तो या भिंतीवर, आणि तो समजण्यासारखा आहे. घरात म्हातारं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर मिरवणूक दारावरून जाताना काय होतं ते सांगायला नको.

पण कायदा काय म्हणतो ते बघा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम वाद्याचा प्रकार विचारत नाहीत, आवाजाची पातळी विचारतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. यात ‘इलेक्ट्रॉनिक वाईट, पारंपरिक चांगलं’ असं कुठेही नाही. म्हणूनच तर २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांची सदस्यसंख्या ३० वर आणायला सांगितली होती. त्या निर्देशाला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये स्थगिती दिली, हा भाग वेगळा. ढोल असो की स्पीकर, मोजमाप आवाजाचंच होतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, जी या वादात फारशी कुणी बोलत नाही. नियमातला डेसिबल हा साधा डेसिबल नसून ‘डेसिबल-ए’ असतो. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मीटर मोजतानाच त्यांचं वजन कमी करतं. ५० हर्ट्झला ही कपात साधारण ३० डेसिबलची असते. आता सब-वूफरचा जो दणका छातीत बसतो आणि ज्याने खिडकीच्या काचा थरथरतात, तो नेमका याच पट्ट्यात असतो. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, त्यामुळे भिंत, दार, पडदा तिला फारसं अडवू शकत नाहीत. म्हणजे मीटरवर जेवढं दिसतं त्यापेक्षा लोकांना होणारा त्रास जास्त असू शकतो. “आमचं तर लिमिटमध्येच होतं” आणि “आमच्या घरातली भांडी हलत होती” ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मिरवणुकीचं काय करायचं ते प्रशासन, मंडळं आणि शहर मिळून ठरवतील. पण हा दणका नेमका कसा बनतो, हे समजून घेतलं तर तो घरात, कुणाची झोप न मोडताही बनवता येतो. तिथूनच आपला खरा विषय सुरू होतो.

हार्ड टेक्नोतली किक: टोक, पोट आणि शेपूट

हाऊस संगीत साधारण १२० ते १२८ बीपीएमला चालतं. हार्ड टेक्नो १४५ ते १६०, कधी त्याच्याही वर. आपण १५० धरू. मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद, भागिले १५०, म्हणजे दर ४०० मिलिसेकंदांनी एक किक. त्या दोन किकांमधल्या अंतराचे चार भाग केले तर एक भाग १०० मिलिसेकंदांचा. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

किकचे तीन भाग असतात. सुरुवातीची ‘टक्’ म्हणजे टोक. मग वरच्या सुरावरून झपकन ५० हर्ट्झच्या आसपास घसरणारा आवाज म्हणजे पोट. आणि मागे रेंगाळणारा ‘ऊम्म’ म्हणजे शेपूट. शेपूट ४०० मिलिसेकंदांपेक्षा लांब झालं की ते पुढच्या किकच्या पायात येतं आणि सगळा चिखल होतो. म्हणून किकची लांबी हातात असणं ही पहिली गरज.

दुसरी गरज डिस्टॉर्शन. आवाज इतका वाढवायचा की लाटेचा माथा छाटला जाईल. माथा छाटला की दोन गोष्टी होतात. एक, सर्वात मोठा क्षण तेवढाच राहूनही सरासरी आवाज भरगच्च होतो, म्हणजे कमी व्हॉल्यूमवरही किक कडक वाटते. दोन, ५० हर्ट्झच्या सुरातून १००, १५०, २००, २५० असे वरचे सूर जन्माला येतात.

हे दुसरं कारण मोबाईलवाल्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. फोनचा इवलासा स्पीकर ५० हर्ट्झ जवळजवळ वाजवूच शकत नाही. तरी इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये हार्ड टेक्नो कडक का वाटतो? कारण फोन वरचे सूर वाजवतो आणि मेंदू त्यावरून खालचा गायब सूर स्वतःच भरून काढतो. साध्या, गुळगुळीत किकमध्ये हे वरचे सूर नसतात, म्हणून ती फोनवर मरते. या संगीताचं रीलवर इतकं छान जमण्यामागे हे एक साधं भौतिकशास्त्रही आहे.

तिसरी गोष्ट ‘रंबल’, म्हणजे दोन किकांमधला घुमता गडगडाट. त्यासाठी किकवर रिव्हर्ब टाकून त्याचे वरचे सूर कापतात. मशीनमध्ये तशी सोय नसेल तर एक सोपी युक्ती: पहिल्या पायरीवर किक, आणि उरलेल्या तीन पायऱ्यांवर अगदी हळू आवाजातला खालच्या सुराचा टॉम. १०० मिलिसेकंदांच्या त्या तीन पायऱ्या ठेका पुढे ढकलत राहतात.

या सगळ्यात कुठेही स्पीकरची भिंत लागली नाही, हे लक्षात आलं ना?

ड्रम मशीन म्हणजे नेमकं काय

गाण्याच्या क्लासमध्ये तालमाला बघितली असेल. ताल निवडा, लय ठेवा, बटण दाबा, तबला सुरू. तेही एक प्रकारचं ड्रम मशीनच, फक्त त्यातले बोल ठरलेले असतात. बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात दिसतो तो ऑक्टापॅड. त्यावर माणूस काठीने मारतो, तेव्हाच आवाज येतो. आपण ज्याबद्दल बोलतोय त्या ड्रम मशीनमध्ये सहसा १६ बटणांची रांग असते. कुठल्या बटणावर कुठला ठोका ते तुम्ही ठरवता, मग मशीन ते फिरवत राहतं आणि तुमचे हात आवाज बदलायला मोकळे राहतात. हार्ड टेक्नोचा सगळा खेळ या मोकळ्या हातांचा आहे.

यातली दोन नावं सगळीकडे येतात. रोलँड टीआर-८०८ हे १९८० चं, आणि टीआर-९०९ हे १९८३ चं. ८०८ ची किक गोल, लांब, घुमणारी. ९०९ ची किक आखूड, टोकदार, ठोसा मारणारी. ९०९ मध्ये किक, स्नेअर वगैरे अ‍ॅनालॉग होतं आणि हाय-हॅट, झांजा मात्र रेकॉर्ड केलेल्या. तेव्हा दोन्ही फारशी चालली नाहीत. जुन्या बाजारात स्वस्त झाली आणि शिकागो, डेट्रॉइटच्या पोरांनी ती उचलली. तिथून हाऊस आणि टेक्नो उभे राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पोरांनी ९०९ ची किक फाटेपर्यंत डिस्टॉर्ट केली आणि ‘गॅबर’ जन्माला आला. आजच्या हार्ड टेक्नोची किक याच घराण्यातली.

यात एक धागा आपल्या महाराष्ट्रातलाही आहे. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी ८०८, टीबी-३०३ हे बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली, पण ती चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चक्रावले, कारण हाच आवाज ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नावाने शिकागोत १९८७ मध्ये गाजला होता. सिंग २०१५ मध्ये गेले.

हा किस्सा मी अभिमानासाठी सांगत नाहीये. मशीन निवडताना त्यातून एक धडा मिळतो. सिंग यांच्याकडे जी मशीनं होती तीच जगात इतरांकडेही होती. फरक पडला तो त्यांना राग येत होते म्हणून. मशीनचा ब्रँड तुमच्या ट्रॅकला ओळख देत नाही, तुम्हाला आधीपासून जे येतं ते देतं.

निवडताना मी पाच गोष्टी बघतो

पहिली, किकवर ताबा. सूर, लांबी, टोक आणि डिस्टॉर्शन या चारही गोष्टी बटण फिरवून लगेच बदलता येतात का? मेन्यूत शिरून शोधावं लागत असेल तर वाजवताना त्याचा उपयोग शून्य.

दुसरी, डिस्टॉर्शन फक्त किकवर टाकता येतं का, की सगळ्यावरच पडतं? सगळ्यावर पडलं तर झांजा कानात सुया टोचल्यासारख्या वाजतात.

तिसरी, आवाज बाहेर कसा येतो. प्रत्येक वाद्याला वेगळं आउटपुट असेल तर किकमागे गिटारचं डिस्टॉर्शन पेडल जोडता येतं. यूएसबीतून वेगवेगळे ट्रॅक लॅपटॉपवर घेता आले तर अजून बरं.

चौथी, वीज. बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारं मशीन आपल्याकडे जास्त कामाचं. लाईट गेली म्हणून काम थांबत नाही, आणि गावी जाताना बॅगेत टाकता येतं.

पाचवी, दुरुस्ती. सोलापूरचा उन्हाळा आणि धूळ या दोन्ही गोष्टी स्लायडर आणि नॉबच्या शत्रू. झाकण किंवा साधं जाड कापड आजच घ्या. आणि मशीन बिघडलं तर ते बाहेरगावी पाठवावं लागेल, हे मनात धरूनच खरेदी करा.

‘अ‍ॅनालॉग की डिजिटल’ हा प्रश्न मी या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. किक एकदा डिस्टॉर्शनमधून पिळून काढली की दोन्हीतला फरक हेडफोनवर ओळखणं भल्याभल्यांना जड जातं.

आता मशीनं, खिशाप्रमाणे

खाली दिलेले आकडे ही मशीनं परदेशात आली तेव्हाच्या किमती आहेत. डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरा. आपल्याकडे कर, आयात आणि दुकानदाराचा नफा यामुळे आकडा वर जातो, म्हणून घेण्याआधी भारतातली किंमत दोन-तीन ठिकाणी बघा.

रोलँड टी-८, २०२२, सुमारे २०० डॉलर: हातात मावणारं. आत चार्ज होणारी बॅटरी, ठेक्यासोबत ३०३ च्या धाटणीचा बेसही. शिकायला झकास. किक मात्र फार पिळता येत नाही आणि स्वतःचे आवाज आत टाकता येत नाहीत.

कॉर्ग व्होल्का किक, २०१६: हे फक्त किकच बनवतं, पण ती अ‍ॅनालॉग आणि हवी तशी. बॅटरीवर चालतं. बाकीचे आवाज फोनवरून घेणार असाल तर ही जोडी स्वस्तात मस्त.

आर्टुरिया ड्रमब्रूट इम्पॅक्ट, २०१८, सुमारे ३०० डॉलर: पूर्ण अ‍ॅनालॉग आणि आतच डिस्टॉर्शन. स्वभावच रांगडा. बॅटरी नाही, सॅम्पल नाहीत. सेकंडहँड चांगलं मिळालं तर हार्ड टेक्नोसाठी जोरदार सौदा.

बेहरिंगर आरडी-९, २०२१: ९०९ ची अ‍ॅनालॉग नक्कल, प्रत्येक वाद्याला वेगळं आउटपुट. याच्यामागे डिस्टॉर्शन पेडल लावलं की रॉटरडॅमवाल्यांचीच युक्ती तुमच्या टेबलावर. आकाराने मात्र मोठं आहे, जागा मोजून घ्या.

रोलँड टीआर-६एस, २०२०, सुमारे ४०० डॉलर: सहा ट्रॅक. आत ८०८, ९०९ वगैरेंचे आवाज, प्रत्येक ट्रॅकला वेगळा इफेक्ट, स्वतःची सॅम्पल टाकायची सोय, चार पेन्सिल सेल किंवा यूएसबीवर चालतं. वरच्या पाचपैकी जवळपास सगळ्या अटी हे पूर्ण करतं. फक्त वेगळी आउटपुट नाहीत, पण यूएसबीतून ट्रॅक वेगळे घेता येतात.

रोलँड टीआर-८एस, २०१८, सुमारे ७०० डॉलर: वरच्याचा मोठा भाऊ. अकरा ट्रॅक, प्रत्येकाला स्लायडर. लोकांसमोर लाइव्ह वाजवायचं असेल तरच याचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

एलेक्ट्रॉन डिजिटाक्ट २, २०२४, सुमारे १,००० डॉलर: स्वीडनचं. मुळात सॅम्पल वाजवणारं. प्रत्येक पायरीवर आवाजाची प्रत्येक गोष्ट वेगळी ठेवता येते, ही याची खासियत. शिकायला वेळ लागतो.

आणि टीआर-१०००: सुमारे २,७०० डॉलर. म्हणजे कर धरायच्या आधीच सव्वादोन लाखांच्या पुढे. मशीन जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण पहिलं मशीन म्हणून हे घ्यायचं असेल आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत असेल, तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका. बातमीत आलेली वस्तू आणि आपल्या कामाची वस्तू यांत फरक असतो.

सोलापुरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, हेडफोनवर, पहिल्या पगारातून घेणाऱ्यासाठी माझी निवड टीआर-६एस. बजेट त्याच्या निम्मं असेल तर टी-८. सेकंडहँडची जोखीम घ्यायची तयारी असेल तर ड्रमब्रूट इम्पॅक्ट.

सेकंडहँड घेताना व्हिडिओ कॉलवर प्रत्येक नॉब आणि बटण फिरवून दाखवायला सांगा. मूळ अ‍ॅडॉप्टर आहे का ते विचारा, कारण चुकीच्या व्होल्टेजने मशीन जळू शकतं. आणि वस्तू हातात येण्याआधी पूर्ण पैसे पाठवू नका.

त्याआधी एक महिना फोनवर

खरं सांगायचं तर मशीनचा निर्णय आज घ्यायची गरजच नाही. तुमच्या हातातला फोन हेच तुमचं पहिलं ड्रम मशीन आहे. बँडलॅब फुकट आहे. कोआला सॅम्पलर थोड्या पैशात मिळतं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालतं. एफएल स्टुडिओ मोबाईलही आहे. फक्त हेडफोन वायरचे वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज अनेकदा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोहोचतो. वरचा हिशेब आठवा: १५० बीपीएमला एक पायरीच १०० मिलिसेकंदांची आहे. म्हणजे बोट एका पायरीवर आणि आवाज पुढच्या पायरीवर!

पहिला आठवडा फक्त एक किक बनवा. सूर, लांबी, डिस्टॉर्शन बदलत ती फोनच्या स्पीकरवर आणि हेडफोनवर दोन्हीकडे कडक वाटेपर्यंत.

दुसरा आठवडा बाहेर पडा आणि आवाज गोळा करा. पूर्व भागात यंत्रमागांची खटखट आहे, तीही मुळात न थांबणारा ठेकाच आहे. कारखानदाराला विचारून दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मिरवणुकीतल्या लेझीमची छणछण आहे, हलगी आहे, घरातला कुकर आहे. लेझीमचा एक ठोका कापून हाय-हॅटच्या जागी टाका आणि बघा. जगातल्या कुठल्याही महागड्या मशीनमध्ये हा आवाज नाही. शिवाय स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज वापरला की दुसऱ्याचं गाणं उचलल्याचा कॉपीराइटचा प्रश्नही येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तीन मिनिटांचा ट्रॅक पूर्ण करा. कच्चा असला तरी पूर्ण. चौथ्या आठवड्यात तो चार जणांना ऐकवा, त्यात टेक्नो न आवडणारा एक तरी असू द्या. महिन्यानंतरही रोज अ‍ॅप उघडावंसं वाटत असेल आणि काचेवर बोट घासण्यापेक्षा खरा नॉब हवा असं वाटत असेल, तर मशीन घ्या. नाही तर तुमचे तीस-चाळीस हजार वाचले.

कान आणि शेजारी

घरात हेडफोनवर काम केलं म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचा एक हिशेब आहे. ८५ डेसिबल आठ तास चालेल, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. डिस्टॉर्ट केलेली किक कमी आवाजातही कडक वाटते, हा फायदा इथे वापरा. व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून जी किक कडक वाटते ती खरी कडक. ती चांगली वाटावी म्हणून आवाज वाढवावा लागत असेल, तर किक अजून बनायची आहे.

एक नियमही माहीत असू द्या. खाजगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर, त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये सब-वूफर लावून हे पाळणं जवळपास अशक्य आहे, त्या सात मीटरच्या लाटेमुळे. म्हणून मोठे स्पीकर घेण्याआधी बंद पाठीचे चांगले हेडफोन घ्या. पैसे कमी लागतील आणि शेजारच्या काकूही बोलत्या राहतील.

या वादात आपली बाजू कोणती

स्पीकरच्या भिंतीला विरोध करणाऱ्यांचा त्रास खरा आहे. दुसरीकडे, इलेक्ट्रॉनिक ठेका आवडणं हा गुन्हा नाही, हेही खरं. ‘डीजे’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबलं आहे. त्याचा फटका अशा पोराला बसतो, ज्याला मिरवणुकीत नाचून झाल्यावर “हा आवाज बनतो कसा बे?” असा प्रश्न पडतो. त्याला मशीन हातात घ्यायच्या आधीच घरातून नकार मिळतो. आणि ज्याला नकार मिळाला तो बनवणारा होत नाही, फक्त मोठ्या आवाजाचा गिऱ्हाईक होतो.

शहराने आवाजाच्या मर्यादा पाळायला लावाव्यात आणि त्या मोजताना खालच्या सुरांचाही विचार व्हावा. सोबत एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये, मर्यादेतल्या आवाजात, इथल्या पोरांनी बनवलेले ट्रॅक ऐकायची सोय झाली तर काय बिघडलं? त्याला परवानगीपेक्षा एका शिक्षकाची आणि दोन बऱ्या स्पीकरची जास्त गरज आहे.

आणि घरी कुणी विचारलं, “डीजे आणतोयस का?”, तर वाद घालत बसू नका. त्यांच्या कानाला हेडफोन लावा, व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा आणि लेझीम टाकलेला तुमचा तीन मिनिटांचा ट्रॅक ऐकवा. मशीनचा विषय त्यानंतर काढा.